लाल फियाटची भौतिक प्रगती

२९ जून २००३, रविवार. संध्याकाळी ७.

आजपासून रोजनिशी. उद्देश एकच, गाडीच्या रंगकामाची नोंद. ऑफिसात कालव्याच्या कामाचे प्रगती-तक्ते गेली सोळा वर्षं मीच भरतो, त्यामुळे हाताला वळण आहे. पुढेमागे कुणाला जुन्या गाडीचा रंग परत आणायचा असेल तर ही वही मार्गदर्शक ठरेल. अर्थात दाखवणार कुणालाच नाही.

पार्श्वभूमी. काल गाडी घेऊन आमच्या बंजारा तांड्यावर गेलो होतो. एप्रिलमध्ये घेतली तेव्हापासून बांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिच्यात पाय ठेवलेला नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तांड्यावरच्या शिबिरात हिंगोलीचे डॉक्टर म्हणाले, पिकलाय, दिवाळीच्या आत एक डोळा तरी करून घ्या, नंतर जड जाईल. बा ऑपरेशनला तयार आहेत. प्रश्न फक्त पंचवीस किलोमीटर नेण्याचा.

तर काल गाडी थेट त्यांच्या खाटेपाशी लावली. आत मोगऱ्याचा सेंट मारला होता. सेंट उडू नये म्हणून काचा बंद. दार उघडून धरलं. बांनी चाचपडत बोनेटवर हात टेकला, तो पांढरा झाला. जुन्या रंगाची भुकटी. मग आत वाकले. लगेच पटक्याचं टोक नाकातोंडावर धरलं, मागे सरले, म्हणाले, म्या न्हाई बसत हिच्यात. आणि चिंचेखाली जाऊन बसले.

मी जागच्या जागी ओळखलं. रंग! शहाऐंशी सालची फियाट, मूळची लालभडक. सतरा वर्षं उन्हात उभी राहून आता धुऊन धुऊन विटलेल्या परकरासारखी झाली आहे. आणि बांचे आजोबा दोनशे बैलांवर धान्य आणि मीठ लादून मुलूख तुडवणारे. कातडीचं तेज बघून बैल पारखणारं आमचं घराणं. अशा कळाहीन वाहनात बा बसतील कसे? तोंड झाकलं ते लाजेनं. बा तसे तत्त्वाचे. एसटीतसुद्धा बसत नाहीत. कुठंही जायचं तर बैलगाडी.

येताना निता म्हणाली, रंगाचं न्हाई ते, मामाजींना नीट इचारा तरी, आन् एक लिंबू ठेवत जा. लिंबानं रंग उजळतो हे मला पटत नाही. पण सूचना बायकोची आहे, नोंदवून ठेवतो.

संकल्प: १५ ऑगस्टपर्यंत गाडी मूळ लाल रंगात. स्वहस्ते. भौतिक प्रगती: ० टक्के.

१ जुलै, मंगळवार.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून हिंगोलीला सुदाम पेंटरकडे. तीस वर्षं गाड्या रंगवतो. त्यानं बोटानं गाडी पुसली, बोट बघितलं, म्हणाला, रंग जित्ता हाय साहेब, वरचा पापुद्रा मेलाय नुसता. हलक्या हातानं रबिंग कंपाउंड मारायचं, सावलीत, मग मेण. कापड लाल निघून राहिलं तवर बराबर. करडं निघालं की थांबायचं, खाली प्रायमर लागला. कडेला आन् कंगोऱ्यावर तर हातच लावायचा न्हाई, तिथं रंग पातळ असतो. चार दिवस गाडी ठेवून जा म्हणाला.

नाही ठेवली. बांसाठी करायचं ते मुलाच्या हातून व्हायला हवं. शिवाय सुदाम सातवी पास. अनुभव दांडगा, पण कामामागे विचार नाही. रबिंग कंपाउंडचा डबा घेऊन आलो. मोठा.

६ जुलै, रविवार. दुपारी १.

यश! यश! यश!

बोनेटच्या डाव्या अंगाला जेवायच्या ताटाएवढा भाग घासला. पंचवीस मिनिटं. काय लाल निघाला! आत माझा चेहरा दिसतो. निताला बोलावून दाखवला. ती म्हणाली, छान हाय की. मग म्हणाली, पन मामाजींना तुमचं तोंड दिसंना, हा रंग काय दिसल?

डोळ्यांना दिसत नसलं तरी माणसाला जाणवतं. हे तिला समजावून सांगितलं. ती भाकरी टाकायला आत गेली.

हिशोब: एक ताट पंचवीस मिनिटं. पूर्ण गाडी अंदाजे दीडशे ताटं. रोज दोन. काहीच अवघड नाही. प्रगती: १५ टक्के.

८ जुलै.

काल शून्य ताटं. खांदा धरला आहे. एक गोष्ट लक्षात आली. ते ताट लाल झाल्यापासून बाकीची गाडी जास्तच पांढरी दिसते. कॉलनीत दोघांनी विचारलं, गाडीला लागलं का कुठं. हा त्यांच्या नजरेचा दोष.

१३ जुलै, रविवार.

विचार केला, मधला भाग सोपा आहे, तो कधीही होईल. अवघड आहे ते आधी उरकावं. म्हणून कडा आणि कंगोरे घेतले. जोर लावून. कापड आधी लाल निघालं, मग करडं. करडं निघालं याचा अर्थ मळ निघाला. आणखी जोर लावला.

चारही मडगार्डच्या कडांना आता करडी पट्टी आहे. बोनेटच्या मधल्या उंचवट्यावरसुद्धा. सुदाम ज्याला प्रायमर म्हणतो तो हाच. पण प्रायमर हा रंगाचा पाया. म्हणजे मी पायापर्यंत पोचलो. इमारतीच्या कामात पाया लागला की आम्ही तीस टक्के लिहितो. प्रगती: ३० टक्के.

२० जुलै, रविवार.

निताचा मान राखायचा म्हणून लिंबाचा प्रयोग केला. डिकीवर चार लिंबं चोळली. अर्धा तास ठेवून धुतली. परिणाम: डिकीवर डाग आणि मुंग्या.

निता दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, अहो, लिंबू गाडीला न्हाई, गाडीत. गाडीत म्हणजे नेमकं कुठं ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. बोटं झोंबत होती. लिंबाचा विषय माझ्या बाजूनं संपला.

१५ ऑगस्ट, शुक्रवार.

झेंडावंदन. मुदत आजची होती, पण सलग पाऊस. पावसाळ्यात रंगकामाची मुदत धरणं हीच मुळात नियोजनातली चूक, आणि ती दुरुस्त करतो. मुदतवाढ: पोळा. कारण: नैसर्गिक आपत्ती. प्रगती: ४० टक्के (पाऊस धरून).

तांड्यावरून निरोप, परवा बा गोठ्यातल्या खुंट्याला अडखळून पडले. गुडघा खरचटला. म्हणाले काही नाही, पण आता याडी त्यांना हात धरून विहिरीवर नेते. माझ्या आईनं कधी त्यांचा हात धरलेला मी पाहिला नव्हता. काम वाढवलं पाहिजे.

२७ ऑगस्ट, बुधवार. पोळा.

गाडी घेऊन तांड्यावर. बा बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावत होते. जवसाच्या तेलात खललेला, लालभडक. दिसत नाही, म्हणून डाव्या हाताची बोटं शिंगावरून पुढे पुढे सरकवायची आणि उजव्या हातानं मागून कुंचला. एका बैलाचा अर्धा कानही लाल झाला. याडीनं ते पदरानं पुसलं, निघालं नाही, पण त्यांना सांगितलं नाही. मला एकदम भरून आलं. तेवढ्यात दुसरी गोष्ट दिसली. तो लाल! माझ्या बोनेटवरच्या ताटाचाच लाल!

बांना सहज विचारल्यासारखं विचारलं, हा टिकतो किती. म्हणाले, वरीसभर हालत न्हाई. वरून तेलाचा हात मारला की म्हातारं शिंग बी खोंडावानी दिसतं. काहून इचारतो?

गुपित आहे म्हणालो. उरलेला अर्धा डबा पिशवीत घातला.

गाडीत बसा म्हणून आज आग्रह केला नाही. तरी सेंट नवा मारला होता. बा तीन हातांवर आले, नाक उडवलं, पटका तोंडावर घेतला आणि बैलांकडे वळले. लाजेचं प्रमाण वाढलं आहे. साहजिक आहे, काम अर्धवट आहे.

३१ ऑगस्ट, रविवार.

सर्व करड्या पट्ट्यांवर हिंगूळ लावला. कुंचला शिंगाचाच. डब्यात लाल दिसणारा हा पदार्थ पत्र्यावर नारिंगी होतो. वाळला की लाल होईल.

३ सप्टेंबर.

वाळला. नारिंगी.

१४ सप्टेंबर, रविवार.

सुदाम पेंटर कॉलनीत कुणाची तरी जीप बघायला आला होता. गाडीपाशी थांबला. एक फेरी मारली. दुसरी मारली नाही. निताकडे पाणी मागितलं, पायरीवर बसून प्यायला. मग म्हणाला, साहेब, ह्ये शिंगाला लावायचं हाय. मी म्हणालो, माहीत आहे. म्हणाला, आता खरवडून पुरा रंगच मारावा लागल, रबिंगचं काम राह्यलं न्हाई हे.

मत्सर. मोठ्या कारागिरात असतो.

२८ सप्टेंबर, रविवार. संध्याकाळी ६.

आजचा दिवस सोन्याचा.

बांचं वाक्य आठवलं, तेलाचा हात. जवसाचं तेल आणलं. टपापासून चाकापर्यंत पूर्ण गाडीला फडक्यानं चोपडलं. आणि काय सांगू! विटलेला लाल तेल प्यायला आणि पेटला. फिकं, नारिंगी, लाल, सगळं चमकायला लागलं. मावळतीच्या उन्हात लांबून बघितलं तर शोरूममधून काढल्यासारखी. डोळे बारीक करून बघितलं तर फारच.

निताही बाहेर आली. खरंच चकाकते की, म्हणाली. मी म्हणालो, आता बा बसतील. तिनं बोटानं दारावरचं तेल टिपून बघितलं. मग म्हणाली, तुमी त्यांना एकडाव इचारलं असतं तर. पण मी फोटो काढत होतो.

प्रगती: ९५ टक्के.

५ ऑक्टोबर, रविवार. दसरा.

गाडीची पूजा. झेंडूचा हार. आठवडा झाला तरी तेल बोटाला चिकटतं, याचा अर्थ ते अजून काम करतं आहे. आज दुसरा हात मारला, जाड. प्रगती: १०० टक्के. उरलेलं काम फक्त बा.

१२ ऑक्टोबर, रविवार.

सकाळी निघालो. मी, निता, चकाकणारी गाडी. बांना दवाखान्यात नेताना नवं धोतर हवं म्हणून वाट वाकडी करून जवळा बाजारला थांबलो. कापसाची पहिली वेचणी सुरू आहे, गाड्या उतरत होत्या. सावली बघून गाडी लावली. सावली एका कापसाच्या ट्रकची होती.

धोतर, चहा, पाऊण तास. परत आलो तर गाडी सापडेना. जिथं लावली होती तिथं पांढरं काहीतरी उभं होतं.

वारा होता म्हणे. ट्रक उतरवताना उडालेला सगळा कापूस माझ्या गाडीनं धरला. टपावर बोटभर. काचेवर, दारावर, नंबर प्लेटवर. भोवती पंधरा-वीस माणसं. गुलाबचंद नावाचे एक व्यापारी पुढे आले, दरवाज्यावरची चिमूट काढून बोटांत ताणून बघितली, म्हणाले, धागा चांगला हाय, पन तेल लई. लोक हसले. निता पण हसली. तिनं तोंडाला पदर लावला होता, पण खांदे हलत होते.

काढायला गेलो तर निघेना. ओढावं तर रंगासकट येतो. वेळ जाईल म्हणून तसाच तांड्यावर गेलो.

बा खाटेवर. आवाज ऐकून उठले. डोळ्यांवर हात धरून पांढऱ्याकडे बराच वेळ बघितलं. मग पुढे येऊन टपावरून हात फिरवला. म्हणाले, मेंढी कवा घेतली रं?

आणि मग मी रडलो. मराठवाड्यातल्या सोळा वर्षांच्या नोकरीत नाही रडलो. म्हणालो, बा, साडेतीन महिने झाले, खांदा गेला, तुम्हाला रंगाची लाज वाटू नये म्हणून केलं, अजून किती चमकवू? बा गोंधळले. कोणता रंग, म्हणाले. मग याडीकडे तोंड केलं, काठी उचलली आणि चिंचेकडे निघून गेले.

याडीनं मला पाणी दिलं आणि काहीतरी सांगितलं. सविस्तर उद्या.

१३ ऑक्टोबर.

याडीनं सांगितलं ते असं. बांना गाडी लागते.

लहानपणापासून. एसटी, जीप, ट्रक, काहीही. पेट्रोलचा वास आला तरी पोटात ढवळतं, आणि गोड वास असेल तर बघायलाच नको. चोवीस वर्षांपूर्वी तांड्याच्या नाईकांबरोबर, म्हणजे प्रमुखांबरोबर, जीपमधून एका सोयरिकीच्या बोलणीला कळमनुरीला निघाले होते. नाईकांच्या पांढऱ्याशुभ्र पटक्यावर सकाळची न्याहारी गेली. लदेणीवाल्याचा नातू, दोनशे बैलांमागं चालणाऱ्याचा, आन् त्याला गाडी लागते. तेव्हापासून बांनी बैलगाडी सोडून कशात पाय ठेवला नाही आणि कुणाला सांगू नको म्हणून याडीला शपथ घातली. निताला याडीनंच सांगितलं होतं, पण सुनेनं सासऱ्याच्या ओकारीचं कसं बोलायचं. म्हणून ती लिंबू म्हणत होती. हातात धरून हुंगायला.

मला या शक्यतेचा अंदाज होता, असं म्हणता येणार नाही. पण रंगावर काम करताना कुठंतरी शंका होती.

मोगऱ्याचा सेंट फेकून दिला.

१८ ऑक्टोबर, शनिवार. हिंगोली.

बा आज ऑपरेशनला आले. बैलगाडीनं. पहाटे पाचला तांड्यावरून निघाले, सोबत याडी, निता, भाकरी आणि तो अर्ध्या लाल कानाचा बैल. मी मागून फियाटनं, संरक्षणासाठी. बैलाच्या चालीनं पहिल्या गिअरमध्ये चालवली तर पाचव्या किलोमीटरला बोनेटमधून वाफ. पाणी घालून निघालो. मग अकराव्याला. मग नोंद ठेवली नाही.

दवाखान्यात पोचलो तेव्हा सोडलेले बैल कडबा खात होते आणि बांना आत नेलं होतं. आधी कुठं होता, असं नर्सनं विचारलं. ट्रॅफिक म्हणालो.

२२ ऑक्टोबर, बुधवार. दुपारी ४.

काल उजव्या डोळ्याची पट्टी निघाली. बांनी आधी याडीकडे बघितलं. बराच वेळ. मग म्हणाले, म्हातारी झालीस की. ती म्हणाली, तुमी काय खोंड राह्यले व्हय. दोघंही माझ्यासमोर हसली.

आज सोडलं. बा बाहेर आले, काळा चष्मा कपाळावर सारला, लांबूनच दोन्ही बैलांना नावानं हाक मारली. एकाचा कान बघितला. ह्ये कुनी केलं म्हणाले. याडी म्हणाली, असंल कुनी. मग ते माझ्या गाडीपाशी आले. प्रथमच बघत होते. अंग विटलेलं, पट्ट्या नारिंगी, डिकीवर डाग, टपावर तेलात घट्ट बसलेला कापूस, बोनेटवर ताटाएवढा लाल. पूर्ण फेरी मारली. मग अगदी कळवळून म्हणाले, कोन्या आंधळ्यानं रंगवली रं ही?

जुन्या मालकानं, म्हणालो.

निता माझ्याकडे बघत होती. बांनी नारिंगी पट्टीवर नख फिरवलं, वास घेतला. म्हणाले, हिंगूळ माह्याच डब्यातला हाय.  माझ्या तोंडाकडे बघत राहिले. आता त्यांना स्पष्ट दिसतं, ही एक अडचण झाली आहे.

मग काय वाटलं कुणास ठाऊक, निताकडे हात केला. तिनं पदराच्या गाठीतलं लिंबू दिलं. बांनी ते नाकाला लावलं, सगळ्या काचा खाली करायला लावल्या आणि माझ्या गाडीत बसले. पुढच्या सीटवर. म्हणाले, त्या पिंपळापोत्तर चल. हळू.

चाललो. इतकं जपून मी कधी काही चालवलं नव्हतं. बा डोळे मिटून, लिंबू नाकाला, दुसरा हात माझ्या गुडघ्यावर. पिंपळ जवळ आला. गुडघ्यावरचा हात घट्ट झाला. मी ब्रेक दाबला, बांनी तोंड बाहेर काढलं. दार खराब झालं. उतरून तोंड धुतलं, पटका नीट केला, माझ्या पाठीवर थाप मारली आणि याडीनं पिंपळाखाली आणून उभ्या केलेल्या बैलगाडीकडे चालू लागले. जाता जाता म्हणाले, पुढच्या पोळ्याला हिंगूळ दोघं मिळून लावू. मला आता दिसतं.

दार धुतलं. पाण्यानं नुसतं. रंग काही निघाला नाही.

घरी येऊन ही वही पहिल्यापासून वाचली. २९ जूनलाच लिंबू लिहिलेलं आहे. माझ्याच अक्षरात.

प्रगती: दोनशे पावलं. शेवटची वीस बा पायी गेले.